पोट न उघडता

इटलीतील पादुआ हे विद्यापीठाचे जुने गाव. तेथे सन १६४२ च्या मार्च महिन्यात योहान गेओर्ग व्हिर्सुंग नावाचा एक जर्मन शरीरशास्त्रज्ञ फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या शवाचे विच्छेदन करीत होता. जठर बाजूला सारल्यावर पाठीच्या कण्याला बिलगून आडवे पडलेले जे मांसल पिंड दिसते, त्याच्या आतून एक बारीक नळी गेलेली त्याला आढळली. ती रोहिणी म्हणावी, नीला म्हणावी, की आणखीच काही, हे त्याला ठरविता येईना. त्याने तांब्याच्या पत्र्यावर तिचे चित्र कोरून घेतले, त्याचे ठसे मोठमोठ्या शरीरशास्त्रज्ञांकडे पाठविले आणि पॅरिसला असलेल्या आपल्या गुरूंना, ज्याँ रियोलाँ यांना, पत्राने विचारले की, ही वस्तू तरी काय आहे? पुढच्याच वर्षी ऑगस्टमधील एका रात्री कोणी तरी गोळी घालून त्याचा खून केला. कारणाबद्दल पुष्कळ तर्क झाले. त्या नळीला मात्र आजही जगभर व्हिर्सुंगचेच नाव आहे.

ते पिंड म्हणजे स्वादुपिंड. आपल्या भाषेने या अवयवाला किती गोड नाव दिले आहे! पण त्याच्या वागण्यात गोडी फारशी नाही. सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा हा अवयव. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसविलेले, शेपूट प्लीहेपर्यंत गेलेली, पुढे जठराचा पडदा आणि मागे कणा. यकृत वाढले तर वैद्याच्या बोटांना लागते, प्लीहा वाढली तर लागते. स्वादुपिंडात गाठ झाली तर बाहेरून चाचपून काही कळत नाही. शिवाय शरीरातील मोठ्या रक्तवाहिन्या त्याला अगदी खेटून जातात. गाठ डोक्याच्या भागात असेल तर पित्ताची वाट अडते आणि कावीळ होते. तेवढीच एक हाक. शेपटीकडे असेल तर तीही नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी याच अवयवाच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हा आपल्याकडे कित्येकांनी स्वादुपिंड हा शब्द प्रथम वर्तमानपत्रात वाचला असेल.

मी तो त्याच्या आधी दोन वर्षे वाचला होता. माझ्या आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही सारे अप्पा म्हणत असू, त्यांच्या तपासणीच्या कागदावर. त्यांची हकीकत ओघाने येईलच. त्या कागदातील निम्मे शब्द मला कळले नाहीत आणि माझ्यासारख्या बेताच्या शिक्षणाच्या मास्तराला न कळलेला शब्द झोपू देत नाही. त्या शब्दांचा माग काढता काढता जो इतिहास हाती लागला, तो येथे सांगतो आहे.

विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्त्सबुर्गच्या प्रयोगशाळेत क्ष-किरण सापडले आणि त्याच डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र काढले. हाडे दिसली, बोटातली अंगठी दिसली. जग वेडे झाले. आता शरीरात काही लपून राहणार नाही, असे लोकांना वाटू लागले. पण हाडाची सावली गडद पडते. स्वादुपिंड, जठर, यकृत हे सगळे मऊ मांस, त्यांच्या सावल्या एकसारख्याच फिक्या. शिवाय त्या एकमेकींवर पडतात. भिंतीपुढे दहा माणसे ओळीने एकामागे एक उभी केली आणि समोरून दिवा धरला, तर भिंतीवर एकच काळोखा डाग दिसेल. पाचव्या माणसाच्या पाठीला कुबड आहे की नाही हे त्यातून कोण सांगणार? डॉक्टरांनी मग आडमार्ग काढला. रोग्याला बेरियमचा पांढरा घोट पाजायचा आणि आतड्याचे वळण फाकले आहे का, दबले आहे का, एवढे पाहायचे. म्हणजे चोर दिसत नाही, पण दाराचा कोयंडा वाकलेला दिसतो. पुष्कळदा कोयंडा वाकेपर्यंत घर लुटले गेलेले असे.

तेव्हा खरे उत्तर मिळण्याचा मार्ग एकच होता: पोट उघडणे. न्यूयॉर्कचे ॲलन व्हिपल हे शस्त्रवैद्य या अवयवाच्या शस्त्रक्रियेचे आद्य आचार्य मानले जातात. १९३५ साली त्यांनी आपली दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. (बर्लिनच्या वाल्टर काउश यांनी १९०९ मध्येच तसा प्रयत्न यशस्वी केला होता, पण नाव व्हिपल यांचेच रूढ झाले, कीर्ती पुष्कळदा दुसऱ्या पेरणीला उगवते.) मार्च १९४० मध्ये व्हिपल पाहुण्या डॉक्टरांसमोर जठराच्या कर्करोगाची म्हणून एक शस्त्रक्रिया करावयास उभे राहिले. पोट उघडले तो गाठ जठरात नव्हे, स्वादुपिंडाच्या डोक्यात! त्यांनी तेथल्या तेथे बेत बदलला आणि सगळे काम एकाच बैठकीत पार पाडले. एका टप्प्याच्या शस्त्रक्रियेचा जन्म असा झाला. वैद्यकाच्या इतिहासात ही गोष्ट त्यांच्या कौशल्याची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. मला मात्र ती वाचताना दुसरेच जाणवले. त्या काळातल्या पहिल्या प्रतीच्या शस्त्रवैद्यालासुद्धा आपण कोणता अवयव कापणार हे पोट उघडेपर्यंत ठाऊक नव्हते. मग जेथे व्हिपल नव्हते तेथे काय होत असेल? पोट उघडायचे, गाठ मोठ्या रोहिणीला वेढून बसलेली पाहायची, आणि पुन्हा टाके घालायचे. अशा जखमा किती जणांनी वागविल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

ही कोंडी फुटली ती मात्र इस्पितळात नव्हे. दोन माणसांनी, एकमेकांचे नावही माहीत नसताना, एकच कोडे सोडविले. आणि दोघांपैकी कोणीही डॉक्टर नव्हता, ना औषधाचा ना पदवीचा.

पहिले ॲलन कॉरमॅक. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनला ते पदार्थविज्ञान शिकवीत. १९५६ साली तेथील ग्रूट स्कूर रुग्णालयात आठवड्यातून दीड दिवस किरणोत्सर्गी पदार्थांवर देखरेख करण्याचे काम त्यांच्याकडे आले. तेथे त्यांच्या मनात प्रश्न आला की, शरीरातून आरपार गेलेल्या किरणांची निरनिराळ्या दिशांनी मोजमापे घेतली, तर आतल्या प्रत्येक बिंदूचा दाटपणा गणिताने काढता येईल काय? मी चौथीच्या मुलांना एक खेळ देतो. चार घरांचा चौकोन, घरे रिकामी. आडव्या ओळींच्या बेरजा सांगायच्या, उभ्या ओळींच्या सांगायच्या आणि आतले आकडे ओळखा म्हणायचे. गंमत अशी की तेवढ्यावर एकाहून अधिक उत्तरे निघतात आणि मुले भांडतात. पण एक तिरकी बेरीज दिली की उत्तर एकच उरते. कॉरमॅक यांचे कोडे हेच. फक्त घरे हजारो आणि तिरक्या बेरजा शेकडो. १९५७ साली त्यांनी लाकडाच्या कड्यात बसविलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकडीवर प्रयोग केला. उत्तर जमले, पण मधोमध किंचित फरक येऊ लागला. चौकशी केली तेव्हा कारखान्यात कळले की, त्या तबकडीच्या मध्यभागी जरा वेगळ्या ॲल्युमिनियमची खुंटी बसविलेली होती! न फोडता आतले दिसले ते असे प्रथम. कॉरमॅक यांनी १९६३ आणि १९६४ मध्ये निबंध छापले. कोणी दखल घेतली नाही. जी थोडी मागणी आली तीत एक स्वित्झर्लंडच्या हिमलोटांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची होती. या गणिताचे मूळ व्हिएन्नात शिकलेल्या योहान राडॉन यांनी १९१७ सालीच मांडून ठेवले होते, हे तर कॉरमॅक यांना कितीतरी उशिरा समजले.

दुसरे गॉडफ्रे हाउन्सफील्ड. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायरच्या एका शेतकऱ्याचा हा मुलगा. युद्धात विमानदलात रडारचे काम शिकला, मग विजेच्या तंत्राची पदविका घेतली, विद्यापीठाची पदवी नाहीच. इ.एम.आय. या ग्रामोफोन रेकॉर्डींच्या कंपनीत तो नोकरीला होता. बीटल्सच्या गाण्यांनी मिळविलेल्या पैशांतून हे यंत्र निघाले अशी एक गोष्ट सांगतात. ऐकायला गोड आहे, पण ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याने त्यात घातलेला पैसा त्या गोष्टीत कोणी मोजत नाही. १९६७ मध्ये हाउन्सफील्डला तीच कल्पना सुचली आणि त्याने ती कागदावर न ठेवता जुन्या लेथच्या सांगाड्यावर चढविली. पहिल्या प्रयोगात मोजमापे घ्यायला नऊ दिवस लागले. २८,००० आकडे जमले. पुढे किरणांचा उगम बदलल्यावर नऊ दिवसांचे नऊ तास झाले. कसाईखान्यातून बैलाचे मेंदू आणून तो त्यांची चित्रे घेई, आणि ते लंडनच्या सार्वजनिक वाहनांतून पिशवीत घेऊन जाई. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात डॉ. जेम्स ॲम्ब्रोज यांच्याकडील एका स्त्रीच्या डोक्याचे चित्र घेतले गेले. मेंदूतली गाठ स्पष्ट दिसली. १९७९ चे नोबेल पारितोषिक कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना मिळून देण्यात आले.

सी.टी. स्कॅन म्हणतात तो हाच. आमच्या घरात मी तो अळूवडीवरून समजावून सांगितला. उंडा बाहेरून पाहिला तर नुसते पान दिसते. चकत्या कापल्या म्हणजे आतली वेटोळी दिसतात. हे यंत्र माणसाच्या अशा चकत्या पाडते, सुरी न लावता.

मेंदूचे ठीक होते. तो कवटीत गप्प बसतो. पोटाचे तसे नाही. श्वासागणिक यकृत खालीवर होते, आतडी वळवळतात. एका चकतीला चार-पाच मिनिटे घेणारे यंत्र पोटाच्या काय कामाचे? वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातील रॉबर्ट लेडली यांनी (हे मूळचे दंतवैद्य!) सबंध शरीराचे यंत्र १९७३-७४ च्या सुमारास उभे केले. पाठोपाठ इ.एम.आय.च्या यंत्रानेही एका चकतीचा वेळ २० सेकंदांपर्यंत खाली आणला, म्हणजे रोग्याला एकदा श्वास रोखून धरता येईल इतका. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयातील लुई क्रील आणि त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये लेख लिहिला, तो रोगट स्वादुपिंडावर नव्हे, निरोगी स्वादुपिंडावर; कारण जिवंत माणसातले धडधाकट स्वादुपिंड आडव्या चकतीत कसे दिसते हेच आधी शिकावयाचे होते. एक मजा अशी की, जाड माणसाचे चित्र चांगले येई. अवयवांच्या मधली चरबी त्यांना वेगळे दाखवी. काटकुळ्या माणसाचे सगळे एकमेकांना चिकटलेले. आणि कर्करोगाचा रोगी तर बहुधा वाळत गेलेलाच असतो.

या चित्रांत पाण्याला शून्य आणि हवेला उणे १,००० असे आकडे धरतात. त्या मापाला हाउन्सफील्डचेच नाव आहे. साध्या चित्रात गाठीचा आकडा आणि भोवतालच्या स्वादुपिंडाचा आकडा जवळजवळ सारखाच येतो. राखाडीत राखाडी. म्हणून शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडतात. स्वादुपिंडाला रक्त भरपूर, ते औषधाने उजळते. गाठ बहुधा चिवट तंतूंनी भरलेली, रक्त कमी, ती काळसर राहते. पण हा फरक टिकतो किती? औषध सोडल्यापासून साधारण ४० ते ४५ सेकंदांच्या सुमारास तो सर्वांत ठळक असतो. मग तो ओसरतो. ७० सेकंदांच्या सुमारास यकृत आणि नीला उजळतात. जुनी यंत्रे एक चकती घेत, थांबत, आतल्या तारा गुंडाळल्या जात म्हणून चाक उलटे फिरवीत, खाट पुढे सरकवीत आणि मग दुसरी चकती घेत. दाव्याला बांधलेला बैल एक फेरा मारून पुन्हा मागे फिरावा तसे. स्वादुपिंडाच्या टोकापर्यंत पोचेतो ती वेळ निघून गेलेली असे.

१९८९ साली जर्मनीचे विली कालेंडर आणि स्वित्झर्लंडचे पेटर फोक यांनी सर्पिल पद्धत पुढे आणली. तारांच्या जागी सरकत्या कड्या आल्या होत्या. चाक न थांबता फिरत राही आणि खाटही न थांबता सरकत राही. एका श्वासात सारे पोट! १९९८ च्या सुमारास एका फेऱ्यात चार चकत्या घेणारी यंत्रे आली, पुढच्या सहा-सात वर्षांत चौसष्ट. एकेकाळी सेंटिमीटरभर जाड असलेली चकती एक मिलिमीटरहून पातळ झाली. आता गाठीसाठी एक फेरी आणि यकृतासाठी दुसरी, अशा दोन वेळा साधता येऊ लागल्या.

पण खरी भर पडली ती यंत्रात नव्हे, प्रश्नात पडली असे मला वाटते. ‘गाठ आहे काय?’ हा प्रश्न मागे पडून ‘गाठ निघेल काय?’ हा प्रश्न डॉक्टर चित्राला विचारू लागले. १९९७ मध्ये अमेरिकेतील काही क्षकिरणतज्ज्ञांनी एक साधी मोजदाद मांडली: रक्तवाहिनीचा गोल काप चित्रात दिसतो, त्याच्या परिघाचा किती भाग गाठीला टेकला आहे ते पाहा. अर्ध्याहून अधिक, म्हणजे १८० अंशांच्या वर वेढा असेल, तर शस्त्रवैद्याच्या हाताला यश येणे कठीण. पुढे या मापाभोवती नियम तयार झाले. प्रत्येक रोहिणी-नीलेला निराळे. २०१४ साली तिकडच्या दोन संस्थांनी अहवालाचा एक नमुनाच ठरवून दिला, की लिहिणाऱ्याने यकृताची रोहिणी पाहिली का, आतड्याची पाहिली का, वेढा किती, हे सर्व लिहिलेच पाहिजे. आम्ही मास्तर लोक उत्तरपत्रिकेला तक्ता लावतो तसे. तक्त्याची थट्टा होते, पण तक्त्याने विसरणे कमी होते.

अप्पांचे पाठदुखीने सुरू झाले. सहा महिने गॅसच्या गोळ्या, मग कंबरेचा पट्टा. रक्तात साखर कधी नव्हती ती एकाएकी निघाली; ‘वयोमानाने’ असे सांगण्यात आले. जवळच्या शहरात एका ठिकाणी स्कॅन काढला. औषध सोडून एकच फेरी, तीही उशिराची, जाड चकत्यांची. अहवाल दोन ओळींचा: स्वादुपिंड किंचित फुगीर, पुढील तपास करावा. हा ‘पुढील तपास’ आम्ही पाच आठवड्यांनी केला. आत्या म्हणत होती, ‘फुगीर म्हणजे सूज, उतरेल.’ मीही तिला दुजोरा दिला, हे लिहिताना आज हात अडखळतो. मग डोळे पिवळे झाले. मोठ्या रुग्णालयात दुसरा स्कॅन झाला. यंत्रातून ध्वनिमुद्रित बाई हिंदीत म्हणे, ‘साँस रोकिये,’ आणि बाहेर उभा असलेला मीही रोखून धरी.

तेथील डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होते. त्यांनी पडद्यावर एक काप थांबविला, आतड्याच्या मोठ्या रोहिणीच्या गोल ठिपक्याभोवती पेन्सिलीचे टोक फिरविले. टोक अर्ध्याच्या पुढे गेले आणि तरी फिरतच राहिले. ‘काका,’ ते अप्पांना म्हणाले, ‘पोट उघडले तर तुम्हाला बरे व्हायलाच दोन महिने लागतील, आणि गाठ तेथेच राहील. ते आपण नको करू या.’ कावीळ उतरावी म्हणून त्यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून नळी बसविली. अप्पांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले. मग मला म्हणाले, ‘मास्तर, हे एवढेसे?’

चित्रालाही मर्यादा आहेत, त्या सांगितल्याच पाहिजेत. सुमारे दहातील एका रोग्यात गाठ आणि स्वादुपिंड औषधानंतरही एकाच छटेचे राहतात. तेव्हा नळी एकाएकी कोठे तुटते एवढीच खूण उरते. तीच ती व्हिर्सुंगची नळी. दुसरी मर्यादा औषधांनी उघड केली. २०११ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी चार औषधांचा एक जोरदार उपचार परिणामकारक असल्याचे दाखविले, तेव्हापासून न निघणाऱ्या गाठी आधी औषधाने आक्रसवून मग काढण्याचे प्रयत्न वाढले. २०१५ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील शस्त्रवैद्यांनी लिहिले की, या उपचारानंतरच्या चित्रात रोहिणीभोवती वेढा तसाच दिसतो, पण पोट उघडल्यावर पुष्कळांची गाठ समूळ निघते. वेढा होता तो मेलेल्या गाठीच्या वणाचा. चित्राला वण आणि गाठ यांतला फरक कळला नाही. म्हणजे शंभर वर्षांनी पुन्हा काही रोग्यांत उत्तर सुरीलाच द्यावे लागते! हे वाचून मला क्षणभर अप्पांच्या बाबतीत शंकेने घेरले. पण त्यांचे शरीर त्या औषधाच्या दोन पाळ्यांपलीकडे टिकलेच नाही.

यंत्रे सुधारतच आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत एका नव्या जातीच्या यंत्राला परवानगी मिळाली. जुन्या यंत्रात क्ष-किरणांचा आधी प्रकाश होई आणि मग वीज, यात कॅडमियम टेल्युराइडचे स्फटिक एकेक किरणकण थेट मोजतात, त्यामुळे आयोडीन अधिक स्वच्छ उठून दिसते. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये चिनी संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला, तो मला या साऱ्या इतिहासात सर्वांत चकित करणारा वाटतो. त्यांनी ३,२०८ रोग्यांच्या चित्रांवर गणकयंत्राला शिकविले. चित्रे साधी, औषध न सोडता घेतलेली, ज्यांत माणसाच्या डोळ्याला राखाडीत राखाडीच दिसते. मग इस्पितळात इतर कारणांनी आलेल्या २०,५३० जणांच्या चित्रांवर त्याची परीक्षा घेतली. शंभरातल्या सुमारे ९३ गाठी त्याने ओळखल्या आणि निरोग्यांना हजारात एखादीच खोटी हाक दिली. छातीचा म्हणून काढलेल्या स्कॅनच्या तळाशी स्वादुपिंडाचा तुकडा पुष्कळदा आलेला असतो. तो कोणी पाहत नाही, कारण त्यासाठी तो काढलेलाच नसतो.

तरी धडधाकट माणसांना सरसकट स्कॅनला बसवावे असे अजून कोणी जाणता म्हणत नाही. अमेरिकेतील सरकारी समितीने २०१९ मध्ये त्याविरुद्धच मत दिले. रोग विरळा, खोट्या हाकेची भीती मोठी. १९७० च्या दशकात त्या देशात या रोगाचे शंभरातले तीन रोगी पाच वर्षे जगत. आता तेरा जगतात. जुने स्कॅन पुन्हा काढून पाहणाऱ्यांनी २००४ मध्येच दाखविले होते की, निदानाच्या काही महिने आधी घेतलेल्या चित्रांपैकी निम्म्यांत काही ना काही खूण होती. कोणाच्या तरी नजरेखालून ती गेली होती. ते वाचल्यावर मी माळ्यावरून अप्पांचे पहिले पाकीट काढले आणि फिल्म खिडकीला धरली. मला अर्थात काही समजले नाही.

अप्पा त्या पेन्सिलीच्या दिवसानंतर अकरा महिने राहिले. त्यांतले सात बरे गेले. पेरूची दोन कलमे त्यांनी स्वतः लावली, नातीचे बारसे केले. शेवटी अंघोळ आत्याच घालीत असे. ती मला एकदा म्हणाली, ‘इतके सगळे झाले, पण पोटावर ओरखडासुद्धा नव्हता रे.’